चार शीट प्लाय आणि एक शीड

अशोक स्तंभाकडून निघालेला गंगापूर रोड आधी शाळा-कॉलेजांचा असतो, मग बंगल्यांचा आणि दवाखान्यांचा होतो, आनंदवल्लीच्या पुढे लॉन्सचा आणि मंगल कार्यालयांचा. सोमेश्वर मागे पडलं की द्राक्षबागा दिसू लागतात, गंगापूर गाव लागतं आणि त्यापुढे येतं धरण. १९६५ साली पुरं झालेलं हे मातीचं धरण जवळपास चार किलोमीटर लांब आहे. त्याचा उपयुक्त साठा साडेपाच हजार दशलक्ष घनफुटांच्या वर. नाशिकच्या नळाला येणारं पाणी मुख्यत्वे इथलं. आषाढ-श्रावणात ‘गंगापूर किती टक्के भरलं?’ हा प्रश्न दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी असतो आणि वर्तमानपत्रं रोज त्याचं उत्तर छापतात.

पण पाणी शंभर टक्के भरल्यावर आपण करतो काय? बांधाकडे जाऊन बघतो, फोटो काढतो, कणीस खाऊन परत येतो. एवढं मोठं पाणी शहराच्या उशाशी असून त्यावर एक पांढरं शीड नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

नाशिकला होडीचं वावडं आहे असं मुळीच नाही. याच रस्त्यावर, केटीएचएम महाविद्यालयाला लागून वाहणाऱ्या गोदावरीत रोइंगचा सराव करणारी मुलं-मुली पहाटे दिसतात. जिल्ह्यातला चांदवड तालुका हा दुष्काळाचा. तिथल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ विहिरी खोदण्याचं काम करत होते. सैन्यात गेल्यावर त्यांच्या हातात वल्हं आलं, २०१६ साली ते रिओ ऑलिम्पिकमध्ये उतरले आणि तेरावे आले, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून त्यांनी सुवर्णपदक आणलं. वल्हं नाशिकने आपलंसं केलं. शीड मात्र समुद्राचं, कोकणाचं, मुंबईचं, असं कधीतरी ठरून गेलं. ते तसं असायचं कारण नाही. उलट पिण्याच्या पाण्यावर कुठली होडी चालावी हे ठरवायचं असेल, तर शिडाची होडी सर्वांत आधी हवी. तिच्यात इंधन नाही, तेलाचा तवंग नाही, पाखरांना उठवणारा आवाज नाही. धरणावर गेल्या काही वर्षांत इंजिनाच्या बोटी आल्या, बोट क्लब झाला. लोक पाण्याजवळ आले हे चांगलंच झालं. पण ज्या पाण्यावर आपला स्वयंपाक होतो त्यावर वाऱ्याने चालणारी होडी असावी, हे मला साध्या शहाणपणाचं वाटतं.

मग ती होडी कशी असावी? हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. शिडाची छोटी होडी, जिला सगळे डिंगी म्हणतात, ती कागदावर आखताना आधी पाणी वाचावं लागतं.

गंगापूरचं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात पश्चिमेकडे शिरत गेलेलं आहे. वरच्या अंगाला काश्यपी आणि गौतमी-गोदावरी ही धरणं, आणि पाठीशी त्र्यंबकच्या डोंगररांगा. पावसाळ्यातला वारा याच बाजूने येतो. डोंगर ओलांडून येणारा वारा एकसारखा नसतो. तो झोतांनी येतो, मधेच पडतो आणि पुढच्या क्षणी दुप्पट जोराने अंगावर येतो. हिवाळ्यात सकाळी पाणी आरशासारखं असतं, दुपारी हलकी झुळूक सुटते. चैत्र-वैशाखात उन्हं कलली की पश्चिमेचा वारा उठतो, आणि सुट्टीतल्या मुलांना शिकवायला याहून चांगला वारा नाही. पण तेव्हाच पाणी खाली गेलेलं असतं आणि काठापासून पाण्यापर्यंत भेगाळलेला गाळ पसरलेला असतो. म्हणजे ज्या महिन्यात वारा गोड, त्या महिन्यात किनारा वाईट. नाशिकची होडी आखणाऱ्याने हे आधी लिहून ठेवावं. जी होडी दोन माणसं उचलून चिखलातून नेऊ शकत नाहीत, ती इथे वर्षातले चार महिने शेडमध्ये पडून राहील.

वजनाचा हा प्रश्न जगात ज्यांनी सोडवला, त्यांच्या कामाकडे म्हणून बारकाईने बघावंसं वाटतं. १९४७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात, क्लिअरवॉटर नावाच्या गावी, क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याला गावच्या क्लबने सांगितलं, की मुलांसाठी अशी होडी कर जी बापलेक घरी बांधतील आणि खर्च पन्नास डॉलरच्या आत राहील. प्लायचं शीट आठ फुटांचं, म्हणून मिल्सने होडीही तेवढीच ठेवली आणि टोकदार नाळेचा नाद सोडून पुढचं तोंड चपटं कापलं. चपट्या तोंडाची ती पेटीसारखी होडी म्हणजे ऑप्टिमिस्ट. आज जगभरची मुलं त्याच होडीत शीड धरायला शिकतात. तिचं रूप दुकानात मिळणाऱ्या मालाच्या मापातून आणि बापाच्या खिशातून निघालं, आणि म्हणूनच ती टिकली.

दुसरा माणूस जॅक होल्ट. या इंग्रज आरेखकाचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, पण शिडाच्या होडीत बसलेल्या मागच्या पिढीतल्या बहुतेक भारतीयांनी त्याची होडी चालवलेली आहे. त्याने १९५६ साली काढलेली एंटरप्राइज, सुमारे चार मीटर लांब, निळ्या शिडांची, दोघांची. आपल्या नौदलाच्या आणि सैन्याच्या शिडाच्या खेळात ती वर्षानुवर्षं मुख्य होडी होती. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची पीकॉक बे आहे. समुद्रापासून दूर, धरणाच्या पाण्यावर, तिथे कॅडेट शीड हाताळायला शिकतात. पुण्याच्या धरणावर जे इतकी वर्षं चालतं ते नाशिकच्या धरणावर का चालू नये, हा प्रश्न त्या काठावरून जाताना पडल्याशिवाय राहत नाही.

होल्टची खरी करामत मात्र मिरर. लंडनच्या ‘डेली मिरर’ वर्तमानपत्राने पुढाकार घेतला, बॅरी बकनेल या दूरचित्रवाणीवर सुतारकाम शिकवणाऱ्या गृहस्थाने बांधणीची युक्ती दिली, होल्टने आकार दिला, आणि १९६३ च्या सुमारास तांबड्या शिडांची ही ३.३ मीटरची होडी बाजारात आली. युक्ती अशी. होडीला आतून बरगड्यांचा सांगाडा नाही. प्लायचे तुकडे नकाशाप्रमाणे कापायचे, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने ते एकमेकांना शिवायचे. तारा पिळत गेलं की सपाट प्लाय आपोआप वाकतो आणि होडीचा आकार धरतो. मग आतून-बाहेरून सांध्यांवर काचेच्या धाग्याची पट्टी आणि रेझिन. सुकलं की सांधा मूळ लाकडाहून पक्का. ज्यांनी आयुष्यात खुर्चीही केली नव्हती अशा माणसांनी गॅरेजमध्ये ही होडी बांधली. अशा सत्तर हजारांहून अधिक झाल्या.

शिवलेली होडी ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्या किनाऱ्यावर फळ्या काथ्याने शिवून गलबतं बांधण्याची विद्या फार जुनी. ती पुन्हा उभी करण्याचा मोठा प्रयत्न नुकताच झाला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातलं एक जहाज आहे. त्यावरून नौदलासाठी शिवणीचं जहाज बांधलं गेलं, गोव्यात, रत्नाकर दांडेकर यांच्या होडी इनोव्हेशन्समध्ये, आणि शिवण घातली ती केरळचे बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी. २०२५ च्या मे महिन्यात कारवारला ते ‘कौंडिण्य’ नावाने नौदलात आलं. मूळ आराखडा उपलब्ध नव्हता, होतं फक्त चित्र. म्हणून आकार पाण्यात कसा वागेल हे आयआयटी मद्रासमध्ये तपासलं गेलं. हे तेच दांडेकर, ज्यांच्या दिवाडीच्या गोदीत ‘म्हादेई’ बांधली गेली आणि जिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अजिंठ्याचं चित्र मराठी मुलुखातलं, दोंदे मराठी, गोदी गोव्याची. एवढं सगळं जवळ असताना घाटावरच्या माणसाने शिडाला दुसऱ्याची वस्तू समजू नये.

कोकणातली होडीच इथे आणावी, असंही कुणी म्हणेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या होडीला एका बाजूला उलांडी असते. दोन आडव्या दांड्यांना बांधलेलं हलकं तरंगतं लाकूड होडीला कलू देत नाही. सुंदर उपाय आहे. अरुंद होडी वेगाने जाते आणि उलांडी तिला तोलते. पण ती होडी मासेमारीची आहे. तिला जाळं, मासळी आणि रोज वाळूवर ओढणारे चार हात हवेत. गंगापूरला येणाऱ्या कुटुंबाला शनिवारी सकाळी गाडीच्या टपावर होडी टाकून न्यायची आहे. उलांडीतून घ्यायचं ते तत्त्व: होडी कलणार हे आधीच मान्य करायचं आणि तोल कुठून येणार हे आखतानाच ठरवायचं.

डिंगीत हा तोल माणसांच्या वजनातून येतो. खाली शिशाचा भार नाही; आत बसलेली माणसंच काठावर सरकतात आणि बाहेर झुकतात. याचा हिशेब अगदी सोपा आहे आणि मला तो फार आवडतो. समजा होडी ३.७ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि शीड साडेसात चौरस मीटर. दोन मोठी माणसं मिळून १३० किलो. काठावर बसली की मध्यरेषेपासून साधारण ७० सेंटिमीटरवर. गुणाकार ९१. आता ताशी २० किलोमीटरचा वारा आडवा घेतला तर एवढ्या शिडावर ढोबळ मानाने १७ किलोचा जोर पडतो, आणि शिडाचा मध्य पाण्याखालच्या फळीच्या मध्यापासून २.३ मीटर उंच धरला तर कलवणारा गुणाकार होतो ३९. मजेत निभावतं. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा ३० वर गेला की जोर सव्वादोन पट, गुणाकार ८८. म्हणजे दोघं काठावर बसूनही आता काही शिल्लक नाही. आणि दोघांऐवजी आई आणि तिची दहा वर्षांची मुलगी असेल, मिळून ९५ किलो, तर हीच मर्यादा २६ लाच येते. होडीच्या रुंदीचा स्वतःचा थोडा आधार मी इथे धरलेला नाही, पण झोतांनी येणाऱ्या वाऱ्यात त्या आधारावर विसंबून राहू नये.

या आकड्यांवरून दोन गोष्टी ठरतात. एक, शीड आखडता आलंच पाहिजे. तळाचा भाग गुंडाळून बांधला की क्षेत्र साडेपाच चौरस मीटरवर येतं, मध्यही खाली उतरतो, आणि ३० च्या वाऱ्यात गुणाकार ५६ च्या आसपास राहतो. आई आणि मुलगी तेव्हा सुखाने परततील. दुसरी गोष्ट ब्रूस कर्बीकडून शिकण्यासारखी आहे. या कॅनडाच्या आरेखकाने १९६९ साली इयन ब्रूस यांच्याशी फोनवर बोलता बोलता गाडीच्या टपावर मावेल अशा एका होडीचं रेखाटन केलं. तीच पुढे लेझर म्हणून गाजली, १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे आणि आता इल्का म्हणवते. तिची होडी एकच, पण शिडं तीन: ४.७, ५.७ आणि ७ चौरस मीटरची. हलकी मुलगी असो की धिप्पाड माणूस, होडी तीच, फक्त शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग बदलायचा. नाशिकच्या क्लबला असंच करता येईल. होड्या एका साच्याच्या, शिडं दोन मापांची.

वाऱ्याविरुद्ध होडी कशी जाते, हे प्रत्येकजण विचारतो. ओला चिंचोका चिमटीत दाबला की तो पुढे निसटतो, तसंच इथे घडतं. एका बाजूने शिडाला वारा रेटतो, दुसऱ्या बाजूने पाण्याखालची उभी फळी आडवं सरकू देत नाही, आणि या दोन दाबांमधून होडी पुढे निघते. थेट वाऱ्याच्या तोंडावर नाही, तिरकी, डावी-उजवी वळणं घेत. म्हणून फळी हा डिंगीचा प्राण आहे. लेझरमध्ये ती वरून सुरीसारखी खुपसतात. बांधायला सोपी, पण गाळाला टेकली की होडी जागच्या जागी थडकते. गंगापूरला उन्हाळ्यात गाळाचे उंचवटे वर येतात, आणि खाली आनंदवल्लीकडे नदीत जलपर्णी असते. इथे फळी खिळीवर फिरणारीच हवी, म्हणजे आदळली की आपोआप मागे उचलली जाईल. सुकाणूचं पातंही तसंच. यासाठी होडीच्या मधोमध एक उभी अरुंद पेटी लागते, ती बसायची जागा खाते आणि होडी गळायला लागली तर तिथूनच लागते. तरीही माझं मत पेटीच्या बाजूने आहे.

तळ कसा असावा यावर जाणकारांत मतभेद होतील. गोल तळ पाण्यातून मऊ जातो, पण तो वळवायला साचा लागतो आणि कुशल हात लागतात. कोनाचा तळ, म्हणजे सपाट तळ आणि तिरक्या बाजू, प्लायमधून सरळ निघतो. शिवाय साडेतीन मीटरच्या आसपासच्या होडीचा साधा वेग तिच्या लांबीनेच बांधलेला असतो, ताशी आठ-साडेआठ किलोमीटर. त्यापुढे जायचं तर होडीला स्वतःच्या लाटेवर चढून पाण्यावरून घसरावं लागतं. हलकी होडी आणि मागे सपाट होत गेलेला तळ असेल तरच ते घडतं. पीटर मिल्नने १९६२ साली आखलेल्या फायरबॉलचा तळ असाच आहे. ती जवळपास पाच मीटर लांब, चपट्या नाळेची, आणि तीही घरी प्लायमधून बांधता यावी म्हणूनच काढलेली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. तिथे फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉलमध्येच भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. आणि एंटरप्राइज वर्गाचं सुवर्ण नेलं पाकिस्तानच्या बैराम आणि गोश्पी आवारी या नवरा-बायकोच्या जोडीने. दोन्ही होड्यांचे आराखडे प्लायच्या काळातले, हौशी माणसाच्या हाताला जमतील असे.

आता सामान. नाशिकच्या कुठल्याही प्लायवूडच्या दुकानात ‘सातशेदहा’ मागा. आय.एस. ७१० हे सागरी प्लायचं भारतीय मानक. स्वयंपाकघरातल्या कपाटांना सुतार हाच प्लाय वापरतात. होडीसाठी सहा मिलिमीटरचा पुरतो. शिक्का बघून विसंबू नये, कड नीट तपासावी, कारण आतल्या थरात पोकळी असली की पाणी तिथेच घर करतं. नीट मांडणी केली तर आठ बाय चारच्या चार शीटमध्ये ही होडी हवेच्या कप्प्यांसकट बसते आणि रिकामी होडी साठ-पासष्ट किलोत राहू शकते. सातपूर-अंबडला फायबरग्लासचं काम जाणणारे हात आहेत. डोलकाठीला ॲल्युमिनियमची नळी चालते. शीड मात्र स्थानिक शिंप्याकडून करून घेऊ नये. त्याचा फुगवटा कापडाच्या कडा वक्र कापून आणलेला असतो आणि ते वेगळंच शास्त्र आहे. खर्चात काटकसर करायची तर इतरत्र करावी, शिडात करू नये.

हवेच्या कप्प्यांबद्दल थोडं. डिंगी उलटते. ती उलटणारच हे धरून चालायचं. कप्पे फार छोटे असले तर सरळ केल्यावर होडी काठोकाठ भरलेली असते आणि उपसून संपत नाही. बाजूचे कप्पे फार मोठे केले तर आडवी पडलेली होडी पाण्यावर इतकी उंच तरंगते की फळीपर्यंत हात पोचत नाही, वारा तिला दूर ढकलतो आणि ती पूर्ण पालथी होते. या दोन टोकांच्या मधलं माप काढणं हे आरेखकाचं खरं कसब. ते गणिताने जवळपास कळतं, पण पहिली होडी बांधून, मुद्दाम उलटवून, अंगावर जीवरक्षक जॅकेट असलेल्या दोघांकडून सरळ करून घेतल्याशिवाय पक्कं होत नाही. नाशिकला मेरी ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. धरणांच्या सांडव्यांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यातून पाणी सोडून पाहण्याची परंपरा तिथे आहे. आधी छोट्यावर अजमावून मग मोठं बांधायचं, हे या शहराला कुणी नव्याने शिकवायला नको.

समुद्र नसलेल्या शहरातून काय उभं राहू शकतं, याचं उदाहरण भोपाळ. तिथल्या मोठ्या तलावावर मध्य प्रदेश सरकारने शिडाची अकादमी चालवली. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर तिथे शिकली आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मुलींच्या इल्का-४ मध्ये रौप्यपदक घेऊन आली. तिच्या आधी २०१८ ला हर्षिता तोमरने कांस्य मिळवलं होतं, तीही त्याच तलावावरची. भोपाळचा तलाव आणि गंगापूरचा जलाशय यांत शिडाच्या दृष्टीने फार मोठा फरक नाही. फरक आहे तो कुणीतरी होड्या घेतल्या, मार्गदर्शक नेमले आणि मुलांना वसतिगृह दिलं, याचा.

पदकांसाठीच हे करावं असं मात्र माझं म्हणणं नाही. गंगापूर रोडवर वाढणाऱ्या मुलाला वारा कुठून येतो हे गालावर कळावं, धरणातल्या पाण्याची पातळी त्याने टक्क्यांत नव्हे तर होडी किती दूर ओढावी लागली यावरून ओळखावी, एवढं झालं तरी पुष्कळ. पाण्यावर असा वावर असलेली माणसं त्यात कचरा पडू देत नाहीत आणि गाळाचा प्रश्न त्यांना अहवालातून समजावून सांगावा लागत नाही.

जलसंपदा विभागाची परवानगी, जीवरक्षक जॅकेटची सक्ती, सोबत एक बचावाची नाव, हे सगळं अर्थातच हवं. त्याबरोबर एका गोष्टीचा आग्रह धरायला हवा: काठावर काँक्रीटचा उतार, जो भरलेल्या पातळीपासून मे महिन्याच्या पातळीपर्यंत खाली जाईल. तो नसेल तर साठ किलोची होडीही गाळात अडकेल. उतार होईपर्यंत रुंद टायरची दोनचाकी गाडी चालेल. सातपूरचा कुठलाही फॅब्रिकेटर ती करून देईल. पहिले धडे भाद्रपद संपल्यावर सुरू करावेत. तेव्हा पाणी काठोकाठ, झोत ओसरलेले आणि पाणी अजून फार गार नाही. पहिल्या दिवशी शीड नंतर, आधी होडी उलटवायची. प्रत्येक मुलाने ती स्वतः सरळ करून आत चढून दाखवावी आणि मगच डोलकाठी उभी करावी.